कालथा आणि मागचा टायर

ढुंढिराज गायधनींनी मोटरसायकलचा मागचा टायर घरीच बदलायचं ठरवलं, आणि तेही नेमकं पत्नी ज्योत्स्नाबाईंना चांदवडला जायचं होतं त्या सकाळी.

चांदवड हे ज्योत्स्नाबाईंचं माहेर. आईच्या वर्षश्राद्धाला झालेल्या बोलाचालीपासून भाऊ मनोज त्यांच्याशी बोलत नव्हता. आता त्याच्या मुलीची, तेजश्रीची लग्नाची सुपारी फुटणार होती. "आत्या, तू आली नाहीस तर मी बाहेरच येणार नाही," असा तेजश्रीचा फोन आला. मनोजने मात्र नुसता निरोप धाडला, की यायचं तर बाराच्या आत या, तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही. आज उशीर झाला तर भाऊ कायमचा तुटणार, या धास्तीने ज्योत्स्नाबाईंना रात्रभर झोप नव्हती.

"अहो, बसने जाऊ या ना!"

"घरात गाडी असताना बस? टायर तेवढा गुळगुळीत झालाय. हायवेला तसा नाही न्यायचा. नवा आणून ठेवलाय, आत्ता बसवतो."

"मग कोपऱ्यावरच्या दुकानात द्या."

"तो रिमवर हातोडी मारतो!" गायधनी असे कळवळले, जणू हातोडी त्यांच्याच बरगडीवर बसली होती.

गायधनी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथला नियम असा, की काम संपलं की हत्यारं मोजायची, आणि एखादा पाना जरी कमी भरला तरी विमान जागचं हलवायचं नाही. हरवलेली वस्तू आतच राहिली असं धरून सगळं पुन्हा उघडायचं. विमानापुरता हा नियम सोन्यासारखा आहे. पण गायधनींनी तो अमृतधामच्या आपल्या सोसायटीत आणला होता. शेजारचे खलीलभाई त्याच कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने ते नापास करायचं, अशी ही जोडी. सोसायटीचा नळ यांनी मिळून दुरुस्त केला होता तेव्हा सगळ्या बिल्डिंगने टँकरचं पाणी प्यायलं होतं.

दोघांनी मिळून चाक बघता बघता काढलं. मग सतरंजीवर हत्यारं मांडली गेली आणि निवड सुरू झाली.

"स्क्रू ड्रायव्हर?" गायधनींनी विचारलं.

"तोबा! ट्यूब फाडायचीये का?"

"मग या टायर उचकटायच्या दोन पट्ट्या. खास आणल्यात बाजारातून."

खलीलभाईंनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, चष्मा वर केला, पुन्हा फिरवला. "ही पास. ही दुसरी नापास. कडेला कूस आहे, भाऊ, बोटाला टोचते. ट्यूबला लागली तर?"

"घासू या कानशीने."

"घासून मला दाखवा."

गायधनींनी घासली, खलीलभाईंनी नाक मुरडलं, असं बराच वेळ चाललं. शेवटी गायधनी हळूच स्वयंपाकघरात गेले आणि शर्टाखाली काहीतरी लपवून आले. तो ज्योत्स्नाबाईंचा जाड स्टीलचा आखूड कालथा होता. खलीलभाईंनी तो उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच उजळला.

"वा! याला म्हणतात फिनिशिंग! पण वहिनींना विचारलं का?"

"तिला कशाला सांगायचं? काम झालं की धुऊन जागेवर."

खरं सांगायचं तर काम सुरेख झालं. साबणाचं पाणी लावून एका बाजूने पट्टी, दुसऱ्या बाजूने कालथा, आणि जुना टायर मुकाट्याने बाहेर आला, नवा आत गेला. पायपंपाने हवा भरली. दोघं हात धुऊन आले आणि सवयीप्रमाणे हत्यारं मोजायला बसले.

कालथा नव्हता.

दोघांनी सतरंजी झटकली. गाडीखाली बघितलं. खलीलभाईंचा आवाज एकदम खाली आला. "भाऊ, आत राहिला."

"एवढा मोठा कालथा आत कसा राहील हो?"

"मोजणीत नाही ना? मग आतच आहे. तुम्ही नियम विसरलात का मी?"

गायधनी पुन्हा गाडीखाली वाकले. तेवढ्यात वरून ज्योत्स्नाबाईंनी हाक मारली, "काय शोधताय? काही हरवलं का?"

"छे! कुठे काय!" दोघं एका सुरात म्हणाले. इथेच खरं बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चोरून आणलेला कालथा टायरात गेला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

टायर पुन्हा उघडला. आत हात घालून चाचपला. आत हवा होती, बाकी काही नाही.

"ट्यूबच्या आत?" गायधनी क्षीण आवाजात म्हणाले, आणि खलीलभाई विचारात पडले, ही खरी कमाल.

इतक्यात ज्योत्स्नाबाई ठेवणीतली पैठणी नेसून, ताट घेऊन खाली आल्या. ताटात खोबऱ्याच्या वड्या होत्या. त्यांनी कालथ्याने एक वडी अलगद उचलून खलीलभाईंपुढे धरली.

"घ्या. तेजश्रीसाठी केल्यात."

खलीलभाई वडीकडे बघतच नव्हते. "वहिनी, हा कुठे मिळाला?"

"मिळाला म्हणजे? मेला सकाळपासून सापडत नव्हता. मघाशी खाली आले तर इथे तुमच्या पसाऱ्यात पडलेला. नेला, घासला, वड्या काढल्या. इथे कशाला आणला होता?"

गायधनी लगबगीने टायर बसवायला लागले, आता नापास पट्टीनेच. आणि पट्टी ट्यूबला लागली. फुस्स करून आवाज आला. ज्योत्स्नाबाईंनी एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "चालू द्या तुमचं."

मग ठिगळ लावलं, ते वाळेपर्यंत थांबले, खलीलभाईंनी ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे तपासले, पुन्हा तपासले. चाक बसलं. मोजणीत सगळी हत्यारं भरली.

"पास!" खलीलभाईंनी जाहीर केलं.

"ज्योत्स्ना, चल गं!" गायधनींनी हाक मारली. दाराला कुलूप होतं. गच्चीवरून खलीलभाईंच्या पत्नी, नसीमभाभी म्हणाल्या, "त्या केव्हाच गेल्या, तुम्ही ठिगळात गुंग होतात. किल्ली माझ्याकडे ठेवलीय. मीच स्कूटीवरून आडगाव नाक्याला सोडून आले. चांदवडची बस लगेच मिळाली."

गायधनी तिथेच पायरीवर बसले. भलतंच काहीतरी झालं, भाऊ-बहिणीच्या मध्ये आपला टायर आला, असं वाटून त्यांना खरोखर रडू यायला लागलं. दुपारपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मग फोन वाजला.

"अहो, वेळेवर पोचले. मनोज स्टँडवर न्यायला आला होता."

"मनोज? स्वतः?"

"स्वतः. तोंड फुगवून उभा होता. 'एकटीच आलीस? दाजी कुठेत?' मी म्हटलं, टायरमध्ये कालथा शोधतायत. आधी त्याला काही कळेना. सगळं सांगितलं तर स्टँडवर पोट धरून हसायला लागला हो. हसता हसता माझा हातच धरला त्याने. सुपारी छान झाली. थांबा, देते त्याला."

मग मनोजचा आवाज आला. "दाजी, संध्याकाळी जेवायला या. पाहुणे पण थांबलेत, सगळ्यांना ती गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीये."

गायधनी पायरीवरून ताडकन उठले. "येतो. निघतोच गाडीवर."

"गाडी राहू द्या, दाजी. तुम्ही बसनेच या."

गायधनींनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि पिशवी घेऊन नाक्याकडे निघाले. खलीलभाई फाटकापर्यंत पोचवायला आले आणि काळजीने म्हणाले, "भाऊ, चढण्याआधी बसचे टायर तेवढे बघून घ्या."