बबनतात्यांची फर्स्ट शिफ्ट

धरणं म्हटलं की मांडव, माईक आणि पेंगणारी माणसं आलीच. पण आमच्या बबनतात्यांच्या धरण्यात कुणी पेंगलं तर हजेरीपटावर नावापुढे लाल फुली पडते. हो, हजेरीपट! पेन्शन ऑफिसच्या फाटकासमोर सतरंजीवर बसलेल्या पन्नासएक म्हाताऱ्या, निवृत्त कामगारांची तात्या सकाळी सातला हजेरी घेतात. चहाला पंधरा मिनिटं, डब्याला अर्धा तास, तीनला सुट्टी. लघवीला जायचं तर तात्यांच्या सहीचा गेटपास. मधुमेहवाल्यांना तेवढा कायमचा पास.

"अहो तात्या, ऑफिस दहाला उघडतं. सातपासून कुणासाठी बसायचं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ते जनरल शिफ्टवाले, मॅडमबाई. आपन फर्स्ट!"

घ्या!

पुण्याजवळच्या मोशीत आमच्या इमारतीत तात्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर झाली आणि कान तिथेच गेले. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला न विचारताच अर्ज लिहिण्याच्या कामावर भरती करून घेतलं. "कानाला यंत्र लावा की," असं मी दहादा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं: "मशीननं घेतलं ते मशीनकडनं परत मागायचं न्हाई."

खरं सांगू? यंत्र लावत नाहीत तेच बरं. एरवी सरकारी 'नाही' ऐकून भल्याभल्यांचं अवसान गळतं. तात्यांना ते 'नाही' पोचतच नाही. खिडकीतल्या क्लार्कने नियमात बसत नाही, वरून आदेश नाही, माणसं नाहीत, गाडी नाही, असं सगळं घसा फोडून सांगितलं. तात्या हसतमुखाने म्हणाले, "बरं, मग कवा येताय?" शेवटी क्लार्कच मटकन खाली बसला आणि पाणी प्यायला.

मागणी एकच. पेन्शनवाल्याला दरवर्षी आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. मशीनवर अंगठा उमटला पाहिजे, नाहीतर मोबाईलसमोर पापणी लवली पाहिजे. आता तात्यांच्या ओळखीतल्या नामदेवचा एक अंगठा प्रेसखाली गेलेला, दुसऱ्याच्या रेषा झिजलेल्या आणि लकवा मारल्यापासून पापणी लवत नाही. झालं! कागदोपत्री माणूस खलास. पेन्शन बंद, त्यापाठोपाठ औषधं बंद. चाकणकडच्या गावात तो खाटेवर पडून होता. अशा अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी साहेबांनी यावं, डोळ्यांनी बघावं आणि दाखला द्यावा, एवढंच तात्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी निरोप आला की मोठे साहेब तीननंतर बाहेर येऊन भेटतील. तात्या उठून उभे राहिले. "आज वव्हरटाइम! कुनी हलायचं न्हाई!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तात्या फाटकाकडे तोंड करून घोषणा द्यायला लागले.

तीन वाजले. पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला.

काय सांगू तुम्हाला! एरवी गुडघ्यावर हात ठेवून, देवाचं नाव घेत उठणारी ती मंडळी भोंग्यासरशी ताडकन उभी राहिली. डबे पिशव्यांत गेले, चपला पायांत गेल्या, आणि सगळे बसस्टॉपकडे चालू लागले. ओव्हरटाइमची आठवण एकालाही राहिली नाही. उभा जन्म भोंग्यावर घरी गेलेले पाय ते, मी हाका मारल्या तरी थांबतात कशाला? बस आली, भरली, गेली.

भोंगा ऐकला नाही तो फक्त तात्यांनी. त्यांची पाठ आमच्याकडे. मूठ वर करून गरजत होते, "हयातीचा दाखला!"

मागे रिकामी सतरंजी आणि मी. आयुष्यभर मुलांना 'ओरडू नका' सांगत आले, पण त्या माणसाची घोषणा अर्धी राहिलेली मला बघवेना. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "घरी येऊन द्या!"

साहेब फाटकात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पन्नास माणसांचं बळ पाठीशी आहे अशा थाटात तात्या एकटेच गरजत होते. मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. साहेब जवळ आले, तात्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो."

तेवढं मात्र तात्यांना बरोबर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन आम्ही नामदेवच्या घरी गेलो. गुळगुळीत दाढी, पावडर, धुतलेला सदरा. मी त्याच्या सुनेला म्हटलं, "छान ठेवलंयस गं." ती म्हणाली, "मी कुठली, मावशी? माझी कंपनीत ड्युटी असते. दाढी, आंघोळ, भरवणं, समदं तात्या करत्यात. लकवा झाल्यापास्नं रोज येत्यात." मी थक्क झाले. एका जिन्यावर राहून मला याचा पत्ता नव्हता.

साहेबांनी नामदेवला नीट पाहिलं, फॉर्म काढला आणि ओळख पटवणारा म्हणून तात्यांचं नाव घातलं. मग कानाशी ओरडून विचारलं, "नातं काय लिहू?"

तात्या गडबडले. फाटकासमोर गरजणारा माणूस, पण इथे आवाज उतरला. खाटेकडे बघून हळूच म्हणाले, "एका मशीनवर व्हतो आमी."

"भाऊ लिहू का?"

"न्हाई, सायेब. भाऊ वाटन्या करून कवाच गेले. एका मशीनवर, असंच लिवा."

नामदेवने चांगला हात पुढे करून तात्यांचं मनगट धरलं होतं. साहेबांनी नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं.