मोडायलाच हवं असं बाकडं

आपली वस्तू मोडणार नाही अशी फुशारकी जगात सगळेच मारतात. प्लास्टिकच्या बादल्या विकणारा मारतो, पुलाचा ठेकेदार मारतो, लग्न जमवणारा मध्यस्थ तर मारतोच मारतो. पण आपली वस्तू मोडणारच, आणि मोडणार ती नेमकी इथेच, अशी फुशारकी मारणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच निघाला. गुरुप्रसाद बागवे!

गुरुप्रसाद एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचा. सुरू केली तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. नारळाचा काथ्या आणि काजूच्या टरफलांचं तेल यांपासून त्याने एक फळी बनवली होती. लाकडाऐवजी ती वापरली तर कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत किती टिकेल, आणि दमली की कुठून तडकेल, हे तो कंप्युटरवर शोधत होता. म्हणजे कंप्युटरमध्ये त्या फळीचे लाखो बारीक तुकडे पाडायचे, त्यांच्यावर वजन घालायचं, पाऊस पाडायचा, ऊन पाडायचं, आणि वाट बघत बसायचं. फळी जिथे धडधाकट तिथे पडद्यावर निळा रंग यायचा, जिथे ताण तिथे पिवळा, आणि जिथे मोडणार तिथे लाल. हिशेब चालू असला की कंप्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

"घरघर इतकी, पण पीठ काय पडणा नाय," त्याची बायको अनुजा म्हणायची. लग्नात तिला 'नवरा लवकरच डॉक्टर होणार' असं सांगितलं होतं. आता तिची मुलगी दहावीला होती.

अखेर लाल ठिपका सापडला. या फळीचं बाकडं केलं, तर ते डाव्या पायाजवळ तळहाताएवढ्या जागेत तडकणार, असं कंप्युटर ठामपणे सांगू लागला. विद्यापीठ म्हणालं, छान. आता खरं बाकडं करा, लोकांना बसू द्या, पुण्याहून आमचे परीक्षक येऊन बघतील. कंप्युटर म्हणतो तिथेच तडकलं तर पदवी घेऊन जा. नाही तडकलं तर मात्र ही मुदतवाढ शेवटची.

गुरुप्रसादने बाकडं केलं आणि धामापूरच्या रस्त्यावर, आपल्या गावच्या एसटी थांब्यावर आणून ठेवलं. समोर निजामचं दुकान. तिथे सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव एसटीची वाट बघत असतं, उरलेलं अर्धं त्यांच्याशी गप्पा मारत असतं. बाकडं मोडायला याहून चांगली जागा सिंधुदुर्गात नव्हती!

आता नवं बाकडं म्हटल्यावर नारळ आला, आणि नारळ म्हटल्यावर भाईकाका आले. भाईकाका म्हणजे गुरुप्रसादचे चुलते. त्यांनी नारळ फोडल्याशिवाय गावातलं कुठलंही काम सुरू झालेलं नव्हतं, आणि त्यांनी लक्ष घातल्यावर कुठलंही धड संपलेलंही नव्हतं. गुरुप्रसादने बाकड्यावर डाव्या बाजूला लाल ऑइलपेंटने गोल काढला आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, "हे बाकडं दिवाळीपर्यंत इथे मोडणार!"

त्याला टाळ्यांची अपेक्षा होती. भाईकाकांचा नारळ धरलेला हात वरच राहिला.

"अरे झिला, नारळ अजून फुटूचो आसा, आणि तू मोडूची भाषा करतंस?"

"भाईकाका, मोडाकच व्हया. ता संशोधन आसा."

"बरा, बरा," भाईकाका म्हणाले आणि घाईघाईने नारळ फोडला. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय ही बातमी एसटीच्या आधी पुढच्या थांब्यावर पोचली.

दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर एक नवीनच दृश्य दिसू लागलं. नवंकोरं बाकडं रिकामं, आणि त्याच्या भोवती गाव उभं! मासळीची पाटी घेऊन मालवणहून परतणारी यशोदाकाकी तर गुडघे धरून उभी.

"काकी, बस गो," गुरुप्रसाद म्हणाला.

"नको रे बाबा! तुझी पीएचडी माझ्याखाली मोडली तर तुझ्या आवशीक तोंड खंय दाखवू?"

"पण मी बसूकच ठेवलंय ता!"

"तू ठेवलंस. तुझा मन मोठा आसा. आमका कळाक नको?"

मग त्याने निजामला मध्यस्थ घातलं. निजाम रोज दुकानातून ओरडू लागला, "बसा रे, बसा! सरांची ऑर्डर आसा!" तेव्हा लोक बसू लागले. पण कसे? सगळे उजव्या टोकाला! पाचजण एकमेकांच्या मांडीवर आल्यासारखे चेपून बसलेले, आणि डावीकडची लाल गोलाची जागा कलेक्टर येणार असल्यासारखी मोकळी! शेवटी गुरुप्रसाद स्वतःच कॉलेजातून आल्यावर त्या गोलावर बसायला लागला. अंगापिंडाने तो आधीच शेवग्याच्या शेंगेसारखा, म्हणून मांडीवर तांदळाचं पोतं घ्यायचा. येणाऱ्याजाणाऱ्या एसटीचे ड्रायव्हर हळहळून हॉर्न वाजवायचे.

याच सुमारास भाईकाकांनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. गुरुप्रसादला त्यांनी पुढे उभं केलं. त्याला वाटलं, असेल पिकापाण्याचं काहीतरी.

"बा देवा म्हाराजा!" भाईकाकांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्या आमच्या गुरुप्रसादान थांब्यार बाकडा घातल्यान आसा. तेच्या तोंडातसून काय वाकडा गेला असात, तर ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या बाकड्याच्या केसाकसुद्धा धक्को लागाक दिव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यात मोठा आवाज गुरुप्रसादचा होता. पिढ्यान् पिढ्यांची सवय! तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण आत्ताच देवापुढे आपल्या पीएचडीच्या विरुद्ध मत दिलं.

"भाईकाका, ह्या गाऱ्हाणा फिरवा!" बाहेर येऊन तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मोडूदे म्हणान सांगा देवाक."

भाईकाकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पाऊस आला. कोकणात येतो तसा आला, म्हणजे छत्र्या, कौलं आणि माणसांचे स्वभाव, सगळं भिजून फुगलं. बाकडं मात्र ढिम्म. गणपती येऊन गेले तरी साधी केसाएवढी भेग नाही! गुरुप्रसाद रोज भिंग घेऊन लाल गोलावर वाकायचा. तडा नाही म्हटल्यावर घरी येऊन पुन्हा कंप्युटर घरघरवायचा. दमटपणा वाढवून बघितला, मीठ वाढवून बघितलं, यशोदाकाकीचं वजन दुप्पट करून बघितलं. कंप्युटर आपला एकच सांगतोय, मोडायला हवं होतं! कधीच मोडायला हवं होतं!

"म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय," तो अनुजाला म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं, आणि भलत्याच विषयावर वाया गेलं म्हणून ती हळहळली.

नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी तो असाच बाकड्यावर बसला होता. छत्री हातातून निसटून खाली गेली. ती काढायला तो गुडघ्यांवर बसला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. लाल गोलाच्या बरोब्बर खाली, जमिनीपासून फळीपर्यंत, चिऱ्यांचा एक सुबक खांब बांधलेला होता! सिमेंटने लिंपलेला आणि वर चुनाही मारलेला.

"निजाम!" तो ओरडला.

निजाम आला. गिऱ्हाईकं आली. भाईकाका तर जणू पंचांगात बघूनच आल्यासारखे आले.

"ह्यो खांब कोणी घातलो?"

"आमीच," निजाम अभिमानाने म्हणाला. "चिरो मापून घातलो, सर. बोटभर हलाचो नाय."

"कशाक पण? कशाक?"

"कशाक म्हणजे?" भाईकाकांनी आवाज चढवला. "तूच सांगलंस, हय मोडतला म्हणान. खंय मोडतला ता कळल्यार टेकू दिवचो, का मोडाची वाट बघीत बसाचा? येवढो शिकलंस, इतक्यासा कळणा नाय?"

या प्रश्नाला गुरुप्रसादच्या प्रबंधात कुठेच उत्तर नव्हतं. तो मटकन बाकड्यावर बसला. बाकडं जरासुद्धा कुरकुरलं नाही.

"भाईकाका," तो अगदी हळू म्हणाला, "ह्या मोडला नाय, तर माझी पीएचडी गेली. कायमची."

यशोदाकाकीच्या हातातली पाटी खाली आली.

"आगो माय! मगे आदी सांगूक नको?"

"सांगलंय! नारळ फोडताना सांगलंय!"

"ता आमका वाटला, तू भियान बोलतंस."

खांब तिथल्या तिथे पाडला. पाडताना निजामच्या डोळ्यांत पाणी होतं. खांब खरंच चांगला झाला होता. गुरुप्रसादने सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, की बाकडं मुद्दाम मोडायचं नाही. ते आपसूक मोडायला हवं.

"आपसूक म्हणजे कितको वेळ?" भाईकाकांनी विचारलं.

"दोनेक महिने तरी."

"आणि ते पुण्याचे परीक्षक कधी येतत?"

"पुढच्या आठवड्यात."

"बरा, बरा," भाईकाका म्हणाले. त्यांचं 'बरा, बरा' गुरुप्रसाद लहानपणापासून ओळखत होता. पण माणूस दमला की ओळखीच्या संकटालाही वाट करून देतो.

परीक्षक डॉ. हर्डीकर रेल्वेने कुडाळला उतरले. गुरुप्रसाद त्यांना गाडीतून घेऊन निघाला. वाटेत त्याने प्रामाणिकपणे सगळं सांगायचं ठरवलं होतं. बाकडं अजून मोडलेलं नाही, मधे काही महिने चुकून टेकू होता, वगैरे. 'मधे चुकून' इथपर्यंत तो आला आणि थांबा दिसला.

थांब्यावर गाव लोटलं होतं. बाकड्याला झेंडूची माळ. आणि माळेच्या मधोमध, लाल गोलाच्या बरोब्बर व्यासावर, बाकड्याचे दोन तुकडे!

"आपसूक मोडला हां, साहेब!" भाईकाका हात जोडून पुढे झाले आणि लगेच ऑफिसातल्या मराठीवर आले. "सकाळीच मोडलं. सर्वांसमक्ष. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

डॉ. हर्डीकर वाकले. मोडलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. दुधी भोपळा सुरीने कापावा तशी कड होती.

"बागवे, तुमच्या मॉडेलमध्ये तडा नागमोडी दाखवला होता."

"हो सर."

"हा सरळ आहे."

"हो सर."

"फारच सरळ आहे."

"आमच्या गावात सगळं सरळच असतं, साहेब," भाईकाका म्हणाले. त्यांच्या दोन्ही भुवयांवर बारीक, ताजा भुसा होता. सुताराचं मशीन निजामच्या दुकानात गोणपाटाखाली झाकलेलं होतं, पण त्याची वायर दारातून बाहेर आली होती आणि यशोदाकाकी तिच्यावर पाय देऊन, आभाळाकडे बघत उभी होती.

मग गुरुप्रसादने सगळं सांगितलं. गाऱ्हाण्यापासून खांबापर्यंत सगळं. सांगता सांगता तोच दमला. हर्डीकर ऐकत राहिले. मधे त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते की त्यांना कीव येत होती, हे कळायला मार्ग नव्हता.

"बागवे," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या मॉडेलमध्ये फळी आहे, पाऊस आहे, मीठ आहे. गाव नाही."

"गाव कसं घालणार सर?"

"तेही खरंच." त्यांनी सुस्कारा सोडला. "विद्यापीठाला मी समजावतो. एक वर्ष आणखी मिळेल. नवीन बाकडं ठेवा. आणि एक करा. कुठे मोडणार ते या वेळी कोणालाही सांगू नका. अगदी घरातसुद्धा!"

हर्डीकरांना दोन्ही तुकडे, एक काजूची पिशवी आणि झेंडूची माळ देऊन गावाने निरोप दिला.

गुरुप्रसादने दिवाळीनंतर नवं बाकडं आणून ठेवलं. या वेळी नारळ नाही, भाषण नाही, लाल गोल नाही. भाईकाकांनी आडून विचारलं, निजामने चहा पाजून विचारलं, यशोदाकाकीने तर ताजं सुरमईचं डोकं हातात देऊन विचारलं. तो हूं की चूं बोलला नाही. घरी अनुजाने भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, "ह्या खंय मोडतला?"

"मोडतला खंयतरी," तो म्हणाला.

"माका पण सांगणस नाय?" तिने भाकरी जरा जोरात ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी मुदतवाढीच्या कामासाठी तो विद्यापीठात गेला. तिथे आठवडा मोडला. कामही हर्डीकरांच्या कृपेने झालं. एक वर्ष! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला एसटीत झोप लागली. तळेऱ्याला गाडी बदलली तेव्हासुद्धा तो अर्धवट झोपेतच होता. गावच्या थांब्यावर कंडक्टरने हलवून उतरवलं.

बाकडं जागेवर होतं. फक्त त्याच्याखाली जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून फळीपर्यंत, चिऱ्यांचा भक्कम चौथरा बांधलेला होता, आणि चौथऱ्यावर बाकडं देव बसवावा तसं बसवलेलं होतं. पाय कधीच सिमेंटात गडप झाले होते. भाईकाका हातात थापी घेऊन शेवटचा कोपरा गुळगुळीत करत होते.

भाईकाकांनी प्रेमाने वर बघितलं.

"तू सांगलंस नाय खंय मोडतला ता. म्हणान सगळीकडेच घातलो."

गुरुप्रसाद पिशवी बाजूला ठेवून त्याच्यावर बसला. बसायला, खोटं कशाला बोला, फार छान होतं.