माझ्याशी न बोलणारी हौसा

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातलेले, मधे परात, दोन बाजूला दोघं. समोर वैशाखऱ्याच्या डोंगरावरनं धुकं हळूहळू खाली येत होतं. परात भरली तरी हौसा एक अक्षर बोलली नाय.

यात काय नवल, असं म्हणाल. पण माझी बायको अशी, की रस्त्यात माणूस दिसला की "कोणाचा रे तू?" म्हणून धरलाच. एसटीनं मुरबाडला जायचं तर उतरेपर्यंत कंडक्टरच्या सासूला दात किती उरले ते हिला ठाऊक. माणूस नसला तर कोंबडीला दटावायची, "तुला कसली घाई गो?"

एकदा सापगावला हळदीला गेलो. गावात त्या दिवशी हळदी दोन. ही वाजपाच्या आवाजावर पहिल्याच मांडवात शिरली. नवरदेवाला हळद लावली, गाणी म्हटली, त्याच्या आईच्या गळ्यात पडून रडलीसुद्धा. मी मागून पोचलो, कानाशी सांगितलं, "अगो, हे आपले पाव्हणे नाय."

"मग आता झाले ना!" म्हणाली नि जेवायला बसली.

हौसा तानशाच्या जंगलात वाढली. आई लवकर गेली, बाप राखणदार, दिवसभर रानात. आसपास दुसरं घर नाय. ही झाडांशी बोलायची. माणसं निघून जातात, म्हणून त्यांना बोलण्यात अडकवून ठेवायची, असं तिचं गणित. मी अकरा माणसांच्या घरातला. तिथं माझं कोणी ऐकलंच नाय, मग मीच बोलायचं सोडलं.

पण घरात ती माझ्याशीच बोलायची नाय. ते मला टोचायचं. चाळीस वर्षं आपण हिला एकटी पाडली का काय? मागच्या शिमग्याला विचारून टाकलं, "गावभर बडबडतेस. माझ्याशी का नाय?"

ती माझ्या शेजारी येऊन टेकली. मग म्हणाली, "तुमी कुठं जाणार नाय, ते ठाऊक हाय मला. तुमच्याजवळ गप बसलं की बरं वाटतं."

वाल सोलून निजली ती उठलीच नाय.

सकाळी गाव जमला. बाया मोठ्यानं रडत होत्या. शेजारची मंगल म्हणाली, "काका, काय तरी बोला. मन मोकळं करा."

मी म्हटलं, "जरा गप बसा गो सगळ्या."

बसल्या. मी हौसाच्या उशाशी गेलो नि ऊन ओटीवर येईपर्यंत तसाच बसून राहिलो.