चौथी शेंबी

आमच्या समोरचा गेनबा रोज सकाळी बैलांच्या नावानं बैठका मारतो. एक बैठक, एक बैल. वय सत्तरीच्या पुढं. रिकाम्या गोठ्याची लाकडी मेढ धरून खाली बसतो आणि वर येता येता मोठ्यानं सांगतो, "पवळ्या. चार दाती. कोल्हारच्या पाटलाला दिला." पुन्हा खाली. "सर्जा. शेपटीचा गोंडा पांढरा. मिरजगावला गेला." असे चाळीस बैल. जन्मभर घोडेगावच्या बाजारात त्यानं बैलांची घेव-देव केली, त्यातले हे निवडक. बहुतेक सगळे कधीच मेले.

गल्लीतल्या बायांना घड्याळ लागत नव्हतं. मिरजगावचा बैल झाला की तवा चुलीवर चढायचा. एकदा मधेच गेनबाला शिंक आली, मोजणी चुकली, म्हणून त्यानं पवळ्यापासून पुन्हा धरलं. त्या दिवशी अर्धी गल्ली दुष्काळी कामावर खडी फोडायला उशिरा पोचली आणि मुकादमाच्या शिव्या खाऊन आली.

विचारलं तर म्हणायचा, "पाय हलले की डोस्कं हलतं. नुसत्या बैठका मारशील तर मांड्या ऱ्हातील. नुसती नावं घेशील तर झोप लागंल. दोनी एका जुवाखाली पायजेत."

बसल्या जागी मात्र त्याला काही आठवायचं नाही. एका लग्नात पंगतीला कुणीतरी आपल्या बापाच्या बैलाबद्दल विचारलं. गेनबा पत्रावळीवरून उठला, मांडवाचा खांब धरला, बावीस बैठका मारल्या, "कपाळावर भोवरा हुता," म्हणाला आणि पुन्हा भातावर बसला.

मी ओट्यावर बसून हसायचो. शाळा मी चौथीतच सोडली, पण माझ्या शब्दाला गावात वजन आहे. एकदा बोललो ते मागं घेत नाही, हे मी आजवर मिरवत आलो. आता लिहिताना मान वर होत नाही.

एकतिसावा बैल माझा. "हरण्या. डावं शिंग टोकाला मोडकं. समोरच्या तात्याला दिला." हे मी रोज ऐकत होतो, पण कान दिला नव्हता. एका सकाळी ओट्यावर सोयरे बसले होते, आणि त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "तात्या, मोडक्या शिंगाचा बैल घेतला व्हय तुमी?"

मला ते लागलं.

"ए गेनबा," मी वरडलो, "माज्या बैलाला मोडका म्हनतोस? दोनी शिंगं कमानीवानी हुती त्याची."

"डावं मोडकं हुतं, तात्या. म्हनून तर पाटलानं घेतला न्हाई."

"दावन माजी, चारा माजा. मला ठाव का तुला?"

गेनबा मेढ धरून अर्धा बसलेला, तसाच राहिला. "मग अखंड हुतं?"

"अखंड."

"आन मी रोज मोडकं म्हनतोय."

"डोस्कं गेलं तुजं," मी म्हणालो. सोयरे हसले. खरं सांगतो, तेव्हा मला शिंग अखंडच आठवत होतं.

उरलेले नऊ बैल त्या दिवशी झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून बैठकाच बंद. बाया मला विचारायला लागल्या, "तात्या, गेनबा आजारी हाय का?" मी म्हणायचो, "मला काय ठाव."

मग पोळा आला. बैल दुष्काळाच्या चारा-छावणीत होते, तरी सुनेनं शिंगांच्या पितळी शेंब्या घासायला काढल्या. हरण्या-सोन्याच्या जोडीपासून जपून ठेवलेल्या. डब्यात तीनच निघाल्या.

"चौथी कुठाय?" मी विचारलं.

"चौथी नव्हतीच, मामंजी. सासूबाई सांगायच्या, हरण्याच्या डाव्या शिंगाला शेंबी बसत नव्हती."

आठ दिवस मी त्या शेंब्या उशाला ठेवून झोपलो. समोरच्या घरापर्यंत बारा पावलं होतात. ती टाकायला आठ दिवस लागले.

गेलो तर गेनबा बायकोचा हात धरून तिला गोठ्यात फिरवत होता. काशीबाई आमच्यात यायची बंद झाली त्याला बरेच दिवस झाले होते. संधिवात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"तुमी कुठल्या गावचे?" ती त्याला विचारत होती.

"घोडेगावच्या बाजारात असतो मी."

"आमच्या मालकास्नी वळखता का?"

"वळखतो की. बरा मानूस हाय. चला, आजून एक फेरी."

मला बघून तो थांबला. "दोन सालं झाली, तात्या, हिला कुनी वळखू येत न्हाई. एकदा पार नदीपात्तुर गेल्ती. माजं डोस्कं तरी ऱ्हावं म्हनून मी बैठका धरल्या हुत्या. पर तू म्हनला तसं माजंबी डोस्कं गेलेलंच निघालं. दोगंबी विसरलो तर कोन कुनाला घरी आनायचं?"

मी तिन्ही शेंब्या त्याच्या हातावर ठेवल्या. "डावं मोडकंच हुतं. मी चुकलो."

जन्मात पहिल्यांदा हे तोंडातून निघालं. गेनबानं शेंब्या उलट्यासुलट्या केल्या आणि परत माझ्या हातात दिल्या.

"चौथी लपीवलीस व्हय? ऱ्हाऊ दे, तात्या. तू कदी शबूद मागं घेतलाय का? माजी कीव आली म्हनून खोटं बोलतोस."

मी सुनेला साक्षीला आणलं. त्यानं तिला गूळ-पाणी दिलं आणि नाही अशी मान हलवली.

आता सकाळी मी त्याच्या गोठ्यात जातो. तो एक मेढ धरतो, मी दुसरी. काशीबाई उंबऱ्यावर बसून आम्हा दोघांना बघते. माझे गुडघे गल्लीभर ऐकू जातात. तीस बैल तो खणखणीत सांगतो. एकतिसाव्याला थांबतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो.

"हरण्या," मी म्हणतो. "डावं शिंग टोकाला मोडकं."

तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. बत्तिसाव्यासाठी खाली बसतो.