निळं पाणी आणि सरकारी वकिली

पाणी कसं राखावं हे अमरावतीत माझ्याइतकं कुणालाही कळत नाही, असं मी बाररूममध्ये छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच घात झाला. दाराशी जज्जसाहेब उभे होते. त्यांना महिनाभर अकोल्याच्या कोर्टात बसायचं होतं, आणि काचेच्या टाकीतले आपले चार सोनेरी मासे कुणाकडे ठेवावेत याची त्यांना काळजी लागली होती. अकोल्याचं पाणी खारं, माशांना सोसायचं नाही.

"मग तुमच्याकडेच ठेवतो, हरिहरपंत," ते म्हणाले.

आता मुद्द्याचं सांगतो. सरकारी वकिलाची जागा रिकामी होती. कलेक्टर जज्जसाहेबांना विचारल्याशिवाय नेमणूक करणार नव्हते. इच्छुक दोघे, एक मी आणि दुसरे आमचे शेजारी खुशालराव. मासे माझ्या घरी आले तेव्हा खुशालरावांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

मी घडवंचीवर एकाखाली एक मडकी मांडली. पहिल्यात खडी, मग कोळसा, मग वाळू, आणि तळाशी रिकामं. टाकीतलं थोडं पाणी काढून वर ओतायचं, खाली थेंब थेंब साठलेलं परत टाकीत सोडायचं. आठवडाभर पाणी इतकं नितळ, की मासे हवेतच पोहतात असं वाटावं.

मग एका संध्याकाळी कोर्टातून आलो, तर पाणी निळसर! खडीच्या मडक्यात पांढरा, चिकट लगदा. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी निळं, आणि मासे सुस्त.

वकिलाला संशय शिकवावा लागत नाही. निळं म्हणजे मोरचूद, पांढरा म्हणजे चुना. दोन्ही कालवून संत्र्याच्या झाडांवर फवारतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि संत्र्याचा बगीचा कुणाचा? खुशालरावांचा, तिवशाजवळ.

मी आमच्या भांडेवाल्या मैनाबाईची उलटतपासणी घेतली.

"दुपारी घरात कोण येतं?"

"मले काहून इचारता? मी भांडे घासून राहिली."

"खुशालरावांकडचं कोणी?"

"सत्यभामाबाई येतात. बाईसंग बसतात. अधिक महिना हाये न साहेब, बाया तं येतीनच."

खुद्द खुशालरावांची बायको! आमच्या चारुशीलेला विचारलं, तर ती नजर चुकवून म्हणाली, "तुम्हाले उगाच संशय येते." म्हणजे घरचा साक्षीदारही फितूर.

दुसऱ्या दिवशी भर बाररूममध्ये मी खुशालरावांना गाठलं.

"मोरचूद किती लागलं?"

"बगीच्याले? यंदा फवारलंच नाई अजून."

"बगीच्याला नव्हे, माशांना."

आधी त्यांना कळेना. कळल्यावर ते असे लालबुंद झाले की मीच दोन पावलं मागे सरलो. "चला," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता चला तुमच्या घरी. दाखवा मले मोरचूद."

आम्ही दोघे भर दुपारी घरात शिरलो. टाकीसमोर पाट मांडून चारुशीला आणि सत्यभामाबाई बसल्या होत्या. मधे कणकेच्या गोळ्यांचं ताट, शेजारी माझी निळ्या शाईची दौत. कागदाच्या चिटोऱ्यावर रामनाम लिहायचं, कणकेच्या गोळीत घालायचं, गोळी माशांना सोडायची, असं व्रत चाललं होतं.

"नदीवर या पुरात कोण जाईल?" चारुशीला म्हणाली. "घरातच मासे आहेत तं."

"पण कशासाठी?"

"तुम्हाले सरकारी वकिली मिळावी म्हणून."

खुशालरावांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. "अन् तू?"

"मी तुमच्यासाठी," सत्यभामाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"दोघींनी त्याच माशांना?" मी ओरडलो.

"मग काय झालं?" चारुशीला म्हणाली. "माशांनी काय एकाच पक्षाचं वकीलपत्र घेतलं आहे?"

जज्जसाहेब परत येईपर्यंत चारही मासे पोटात रामनाम घेऊन वैकुंठाला गेले होते. साहेबांनी रिकामी टाकी उचलली, चहासुद्धा घेतला नाही. जागा मिळाली केशवराव नावाच्या एका नव्या वकिलांना, जे कालपरवा तेल्हाऱ्याहून अमरावतीत आले होते.

माझी अन्नावरची वासनाच उडाली. चारुशीलेनं ताट वाढून ठेवायचं आणि मी भिंतीकडे बघत बसायचं. शेवटी चारुशीला म्हणाली, "देवानं ऐकलं नाही असं म्हणू नका. खुशालरावांनाही नाहीच मिळाली न?"

खरं सांगतो, लाज वाटते, पण त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.