पोलादी घसरगाडीच्या उरल्या टेकूची हकिकत

श्रीगजानन साक्ष. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी वृद्ध मिस्त्री कोंडाजी याने केतकीबाईसाहेबांस अर्ज केला, "बाईसाहेब, जोडणी होईतो रंगास हात लावू नका. लोखंडावरले नंबर बुजले म्हणजे कोणता तुकडा कुठं, कुणाला कळायचं नाही." बाईसाहेब महाविद्यालयी शिकलेल्या, राज्याच्या खेळबागेत सजावटीच्या मुखत्यार, कडेवर दोन वर्षांची लेक, म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं आपलं काहीतरीच!" आणि सर्व तुकड्यांस पिवळ्या रंगाचे तीन हात देवविले. कारण रिवाज ऐसा की महाराजांचे नजरेस गंज पडू नये, आणि महाराज तर गाडीच्या सुट्या तुकड्यांच्या पेट्या पाहावयास दुसरेच दिवशी येणार. कोंडाजी रुसून गावी गेला.

गाडी मूळची कोठील, यात बहुत घोळ. लोक तीस रोलर कोस्टर म्हणत. कोणी म्हणती समुद्रापलीकडे वीस वर्षे पळाली, मग ती बाग मोडली आणि गाडी दुसरे राज्यी गेली. कोणी म्हणती दुसरे राज्य आधी, समुद्र मागाहून. रचना मात्र ऐसी की साखळीने डबे टकटक करीत तीन माड उंच ओढावे, आणि सोडून द्यावे, मग पोलादी रुळाचा एक उभा वेढा, त्यात माणसाचे डोके खाली आणि पाय आभाळी, आणि मग दोन वळसे घेऊन जागेवर आणावे.

मग बाईसाहेबांचे यजमान विश्रामराव जोडणीवर आले. नंबर होते हेच त्यांस ठाऊक नाही. छिद्रास छिद्र मिळवून बत्तीस दिवसांत गाडी उभी केली. रूळ मिळाले, वेढा मिळाला, आणि एक टेकू उरला. एका राज्याचे कागदी टेकू बासष्ट, दुसऱ्याचे त्रेसष्ट. बाईसाहेब पुसत्या जाहल्या, "अहो, हा कुठला?" राव हसून म्हणाले, "जादा दिला असेल. वाळूच्या गोण्या बसवून सात फेऱ्या केल्या, एकही गोणी रडली नाही." बाईसाहेबही हसल्या, आणि रंगाखाली काय आहे ते सांगायचे राहून गेले. आज सांगू, उद्या सांगू. नवरा कष्टी होईल. की गोण्यांनी सिद्धच केले, मग सांगावे तरी काय?

मग लेकीस गोवर निघाला आणि बाईसाहेब घरी अडकल्या. आणि त्या मुलखी दस्तूर असा की जो जोडी, तोच प्रथम बसे. गाडी सुरू व्हावयाचे दिवशी, दोन प्रहरी, त्यांनी फोन लाविला. गाडीत खिसे रिकामे हवेत, सबब रावांचा फोन पहारेकऱ्याचे हाती.

"साहेबांना थांबवा! बसू देऊ नका!"

"काय म्हणता, वैनी? ताशे वाजताहेत! साहेब रांगेत आहेत... नाही, बसले वाटतं... गर्दीत दिसंना!"

आणि फोन बंद.

तात्पर्य, गाडी देखणी, वेढा गोल, आणि एक टेकू बाहेर पडलेला. तो कामाचा की बिनकामाचा, हे अद्याप कोणास कळले नाही. बाईसाहेब वाचणारास विनविताती की त्या बागेजवळ असाल तर हा कागद ठेवून उठावे, आणि उंच, चष्मेवाले, निळ्या सदऱ्यातले एक गृहस्थ जमिनीवर उभे आहेत का, तेवढे पाहावे.