एकशे साठनंतर सत्त्याण्णव

पुस्तक कसं आहे, हे मला वीस पानांत कळतं! त्या सकाळीही मी हे बाबांना ऐकवलं. बाबा पुस्तकबांधणी करायचे. भाचीच्या लाडक्या कादंबरीच्या सहा जुड्या, म्हणजे बत्तीस-बत्तीस पानांचे गठ्ठे, त्यांनी टेबलावर सुट्या करून ठेवल्या होत्या. वाचनालयाची प्रत, पोरांनी वाचून वाचून तिची लक्तरं केली होती.

चहाचे कप टेकवायला मी दोन जुड्या उचलल्या.

"हात लावायचा नाही!" बाबा ओरडले.

"ठेवते हो जागेवर!"

"क्रम नीट लावलास?"

"बाबा, आयुष्यभर पुस्तकंच वाचतेय मी!"

चाळीस वर्षं ते शिवण्याआधी पानांचे आकडे तीनदा तपासत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "बरं. चहात साखर कमी आहे."

"मुळीच नाही!"

संध्याकाळी पुस्तक तयार झालं. दुसऱ्या दिवशी बाबा उठले नाहीत.

तीन महिन्यांनी भाचीने तीच प्रत माझ्या हातात कोंबली. "मावशी, ढसाढसा रडशील!"

रडणं कसलं! नायक पुरात वाहून जातो, नायिका हंबरडा फोडते आणि पान उलटावं तर पठ्ठ्या स्वयंपाकघरात उभा! विचारतो, "साखर कुठे ठेवलीय?" कुणाला आश्चर्य म्हणून नाही! बत्तीस पानं हा खातो-पितो, भांडतो, आणि मग सगळे पुन्हा त्याच्यासाठी सुतकी चेहरे करून बसतात!

शनिवारी वाचनालयात मुलांची चर्चा होती. तिथे मी या कादंबरीची अशी सालटी काढली की, पंखासुद्धा दबकून फिरू लागला.

"पण काकू," एक चष्मेवाली उठली, "तो परत येतच नाही."

"येतो! साखर मागतो!"

"साखर तो मरायच्या आधी मागतो!"

"बाळा, वाचायचं कसं हे मला शिकवू नकोस!"

ग्रंथपालबाईंनी प्रत उघडली. "अहो, एकशे साठनंतर सत्त्याण्णव! पानांचे आकडे नाही पाहिलेत?"

आकडे? ते कोण वाचतं! हशा असा उसळला की, मला टेबलाखाली जागा दिसू लागली.

"शेवटच्या पुस्तकात हात चुकला म्हणायचा तुमच्या वडिलांचा," बाई हळहळल्या. "उसवून परत बांधून घेऊ."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. आजोबांचा हात चुकला!

आता अब्रू माझी जाणार की बाबांची, एवढाच प्रश्न होता. माझी तर दोन मिनिटांपूर्वीच गेली होती.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. आवाज थेट बाबांचा! "त्यांचा हात चुकला नाही. जुड्या मी हलवल्या, मीच चुकीच्या ठेवल्या. त्यांनी तपासल्या नाहीत, कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"म्हणजे चाळीस वर्षांत एकही चूक नाही?" भाची.

"एकही नाही!"

तिने अशा टाळ्या पिटल्या की, सगळी पोरं सामील झाली. चष्मेवालीने हात वर केला. "मला हीच प्रत हवी. हिच्यात तो परत येतो." बघता बघता अकरा जणांनी नावं नोंदवली! उसवायची गोष्ट बाईंनी पुन्हा काढली नाही.

मी प्रत हातात घेऊन जोरात झटकली. एक पान हलेल तर शपथ! बाबांनी बांधलेलं पुस्तक दाखवलं की, मी म्हणायचे, "कापड जरा भडक झालं."

भरल्या वाचनालयात मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, बांधणी झकास झालीय. आणि साखर कमीच होती."